सांगायचं तरी कुणाला?

इंदिरानगरच्या डिफेन्स कॉलनीजवळ आमच्या ओळखीचं एक मराठी जोडपं राहतं. काका बँकेतून निवृत्त झालेले. २०२५च्या सुरुवातीची गोष्ट. त्यांच्याकडे चहाला गेले, तर काका टेबलाशी बसून भराभरा काहीतरी लिहीत होते. विचारलं तर म्हणाले, "समितीपुढे जायचंय. चांगलं खडसावून सांगणार आहे!" काकूंनी चहाचा कप पुढे ठेवत कागद ओढून घेतला. त्यावर उखडलेला फुटपाथ, तुंबलेलं गटार, रात्री उशिरापर्यंत चालणारी हॉटेलं, शंभर फुटी रस्त्यावरचं पार्किंग अशी मोठी यादी होती.

"अहो, हे सगळं खरं आहे," काकू म्हणाल्या, "पण समिती काही गटार उपसायला येणार नाही. ती कायदा लिहायला बसली आहे. कायद्यात काय हवं ते सांगा."

काकूंचं बोलणं अगदी नेमकं होतं. आपल्यापैकी बहुतेकांना विधिमंडळ म्हणजे दूरदर्शनवर दिसणारा गोंधळ एवढंच ठाऊक असतं. पण सभागृहाचं बरंचसं खरं काम समित्यांच्या खोलीत चालतं. तिथे निरनिराळ्या पक्षांचे सदस्य एका टेबलाभोवती बसतात, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात आणि कधीकधी तुम्हा-आम्हालाही बोलावतात.

काका चालले होते ती समिती बंगळुरूच्या नव्या कारभाराविषयीची. या शहराच्या महापालिकेची निवडणूक २०१५मध्ये झाली. सप्टेंबर २०२०मध्ये तिची मुदत संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाच्या हाती गेला. नगरसेवक नाही, तर नळाला पाणी आलं नाही म्हणून कुणाचं दार ठोठावायचं? जुलै २०२४मध्ये कर्नाटक सरकारने ग्रेटर बंगळुरू प्रशासन विधेयक आणलं. एका महापालिकेऐवजी अनेक महापालिका आणि त्यांच्या डोक्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण, अशी ती योजना होती. विरोध झाला, तेव्हा विधेयक आमदार रिझवान अर्शद यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि समितीने शहरातल्या नागरिकांचं म्हणणंही ऐकलं.

काकूंना हे सारं कसं ठाऊक? त्यामागे त्यांच्या थोरल्या बहिणीची कथा आहे. मेहुणे मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. ते गेल्यावर बहीण बेळगावला फॅमिली पेन्शनवर दिवस काढत होती. तिच्या शेजारणीचे यजमानही हवालदारच, नोकरीची वर्षंही तेवढीच, पण ते नंतर निवृत्त झालेले. शेजारणीच्या हाती पडणारी रक्कम मात्र हिच्यापेक्षा बरीच जास्त. "माझ्या माणसाने काय कमी पहारा दिला होता?" हा तिचा प्रश्न होता. असे प्रश्न देशभर हजारो घरांत विचारले जात होते.

माजी सैनिकांनी हे गाऱ्हाणं राज्यसभेच्या याचिका समितीकडे नेलं. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. समितीने सैनिकांचं ऐकलं आणि मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांनाही समोर बसवलं. पैसा, प्रशासन आणि कायदा अशा तिन्ही अडचणी सरकारी बाजूने पुढे करण्यात आल्या. खर्च किती, तर २०११-१२ सालासाठी सुमारे १३०० कोटी रुपये, आणि त्यातले १०६५ कोटी जवान व हवालदारांसारख्या अधिकारी नसलेल्यांसाठी. एवढ्या मोठ्या देशाला ही रक्कम जड नाही, असं समितीचं मत पडलं. हुद्दा तोच आणि सेवेची वर्षंही तेवढीच असतील, तर निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन सारखंच हवं, असा अहवाल डिसेंबर २०११मध्ये सादर झाला.

पण अहवाल आला म्हणजे पैसे आले असं नाही. समिती शिफारस करते, हुकूम देत नाही. त्यानंतरही २०१५च्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या सैनिकांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. ७ नोव्हेंबर २०१५ला आदेश निघाला आणि १ जुलै २०१४पासून वाढ लागू झाली. तीही समितीने सांगितली होती तशी आपोआप होणारी नव्हे, तर दर पाच वर्षांनी फेरआढावा घेऊन. मार्च २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची ही पद्धत वैध ठरवली. समितीचा अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे, हेही स्पष्ट केलं.

मग उपयोग काय, असं कुणी म्हणेल. काकूंच्या बहिणीला विचारा! तिच्या पासबुकात फरक पडला. जे गाऱ्हाणं उंबरठ्याच्या आत सांगितलं जात होतं, ते संसदेच्या कागदावर आकड्यांसह आलं. नंतरच्या प्रत्येक सरकारला त्या कागदाला उत्तर द्यावं लागलं.

आपल्याकडेही हे नवं नाही. महाराष्ट्र विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे, महिला व बालकांचे हक्क पाहणारी समिती आहे. पंचायत राज समिती दौऱ्यावर येणार म्हटलं, की जिल्हा परिषदेत फायलींवरची धूळ झटकली जाते, हे गावोगावचे कर्मचारी सांगतील. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. काही बदल होऊन जुलै २०२५मध्ये ते मंजूर झालं. विरोधकांचं समाधान झालं नाही, पण विधेयक आलं तसं शिक्का मारून गेलं नाही, हेही खरं.

काळजीची गोष्ट दुसरीच आहे. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आलं. खोलीचं दारच उघडलं नाही, तर बोलायचं कुठे?

म्हणूनच जेव्हा दार उघडेल, तेव्हा तयारीने जावं. वर्तमानपत्रात सूचना मागवल्याची जाहिरात आली, की तारीख आधी लिहून ठेवावी, कारण मुदत थोडी असते. निवेदन एका पानाचं असावं. विधेयकातलं कोणतं कलम, त्यात काय बदल हवा आणि का, एवढंच लिहावं. आपला अनुभव दोन ओळींत आणि तारखेसह द्यावा. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं नमूद करावं. पोच घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी. रागाचे शब्द मात्र घरी ठेवून जावेत.

काकांनी तसंच केलं. गटाराची यादी अधिकाऱ्यांसाठी वेगळी काढली. समितीसाठी एकच मागणी ठेवली : वॉर्ड समितीची बैठक ठरलेल्या दिवशी व्हावी आणि तिचा वृत्तान्त लोकांना वाचायला मिळावा. शेजारच्या कन्नड ताईंनी ते कन्नडमध्ये उतरवून दिलं. काकांना बोलायला जेमतेम दोन मिनिटं मिळाली.

फेब्रुवारी २०२५मध्ये समितीचा अहवाल आला. दहापर्यंत महापालिका करण्याची तरतूद सातवर आली. मार्चमध्ये विधेयक मंजूर झालं, राज्यपालांनी एकदा परत पाठवलं, एप्रिलमध्ये सही झाली आणि १५ मेपासून कायदा लागू झाला. सप्टेंबरमध्ये शहराच्या पाच महापालिका झाल्या. मुख्यमंत्री वर बसले तर नगरसेवकाच्या हाती काय उरेल, ही अनेकांची शंका मात्र कायम राहिली.

"तुमच्या दोन मिनिटांनी काय झालं हो?" मी काकांना विचारलं.

काकांनी कपाटातली फाइल दाखवली. आत निवेदनाची प्रत होती, तिच्यावर पोच घेतल्याचा शिक्का. "उद्या वॉर्ड समितीची बैठक झाली नाही, तर हा कागद घेऊन जाईन," ते म्हणाले. "आता सांगायचं कुणाला, हे तरी कळलंय."

काकू हसल्या आणि गटाराची यादी त्यांच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "ती राहिलीय अजून. उद्या ऑफिसात जाऊन या!"