रविवार तिचाही आहे



गेल्या महिन्यात आमच्या घरी स्लो कुकर आला. नागपूरच्या भाच्याने दिला. आत जड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण आणि उष्णता कमी-जास्त करायची एक कळ. ना शिट्टी, ना वाफेचा आवाज. आमच्या सौभाग्यवतींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "हरभऱ्याला आठ तास? अहो, आपल्या कुकरात पाच शिट्ट्यांत होतात."

सावरगावात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकीच आहेत. मिस्सेला गावाबाहेर जावं लागतं आणि येताना कुणी ना कुणी सोबत जेवायला येतंच. मिस्सेनंतर मोठ्यांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आम्ही घेतो. त्या वर्गात पुरुष असतात, तरुण मुलं असतात, बायका जवळजवळ नसतात. त्या स्वयंपाकाला घरी पळालेल्या असतात. खरं सांगतो, इतकी वर्षं हे आम्हाला खटकलं नव्हतं. तिसरी आज्ञा शिकवताना प्रभूचा दिवस विसाव्याचा, असं आम्ही फळ्यावर लिहीत होतो आणि त्याच वेळी आमच्या घरी फोडणी पडत होती.

म्हणून ठरवलं, या भांड्याची परीक्षा आम्हीच घ्यायची. शनिवारी रात्री भिजलेले हरभरे, कांदा आणि मसाला कच्चाच टाकला, नेहमीच्या कुकरच्या अंदाजाने पाणी ओतलं आणि कळ फिरवली. मग दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहत राहिलो. सकाळी हाती आलं ते पाणचट कालवण, कच्च्या कांद्याच्या वासाचं. हरभरे अर्धवटच. सौ. काही बोलल्या नाहीत. मुकाट्याने कुकर चढवला आणि त्या रविवारीही वर्गाला आल्या नाहीत.

चूक भांड्याची नव्हती. यात उष्णता उकळीच्या थोडी खालीच राहते आणि वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणी कमी लागतं. झाकण उघडलं की कोंडलेली ऊब निघून जाते आणि शिजायला वीस-तीस मिनिटं जास्त लागतात. कांदा-मसाला आधी परतून घ्यावा लागतो. राजमा करणार असाल तर तो भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं खळखळा उकळा. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष मरत नाही, पोट बिघडतं. आणि रात्री बराच वेळ वीज गेली, अन्न कोमट होऊन बसलं, तर मोह न धरता टाकून द्या. दुसऱ्या शनिवारी हे सगळं पाळलं. झाकणाला हात लावला नाही. रविवारी दाणा बोटाने दाबला तर लोण्यासारखा मऊ.

हे भांडं आलं कुठून, याचा शोध घेतला तेव्हा आम्ही चकित झालो. अमेरिकेत शिकागोला अर्व्हिंग नॅक्सन नावाचे यहुदी संशोधक होते. लिथुआनियात वाढलेल्या त्यांच्या आईने त्यांना एक आठवण सांगितली होती. तिकडे शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ सुरू होण्याआधी, घरोघरच्या कडधान्याच्या हंड्या गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत ठेवत. भट्टी विझत जाई, पण तिची ऊब रात्रभर टिके. शब्बाथाला विस्तव पेटवायचा नाही, ही मोशेची आज्ञा मोडत नसे आणि घराला गरम जेवण मिळे. त्या आठवणीतून नॅक्सन यांनी विजेचं भांडं बनवलं. 1940 साली त्यांना पेटंट मिळालं आणि 1971 पासून ते 'क्रॉक-पॉट' या नावाने घरोघरी गेलं.

म्हणजे हे भांडं आळसातून नव्हे, शब्बाथातून जन्मलं. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. विसाव्याचा दिवस हीच त्यांची ओळख झाली. रविवारी आपला शेजारी आपल्याला कशावरून ओळखतो?

दुसऱ्या प्रयोगानंतर आम्ही खुशीत होतो. तेव्हा सौ. म्हणाल्या, "भांडं चांगलंच आहे. पण शनिवारी रात्री कांदा कोण चिरणार?"

या प्रश्नाने आमची खुशी उतरली. आणि म्हणूनच हे लिहीत आहोत. यंत्र काम पुढे-मागे सरकवतं, वाटून देत नाही. रविवारचा घाम शनिवारी रात्री तिनेच गाळायचा असेल, तर तिला विसावा मिळाला कुठे? मोशेच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, गुरंढोरंसुद्धा मोजली आहेत. पोळ्याला आपण बैलाच्या खांद्यावरून जू उतरवतो. घरच्या बाईच्या खांद्यावरचं जू कोणत्या दिवशी उतरतं?

काही भाऊ म्हणतील, मार्थाने सेवा केली ना? केली. पण मरियेने निवडलेला वाटा तिच्याकडून काढून घ्यायला प्रभूने नकार दिला. आपण मात्र दर रविवारी मार्थेला स्वयंपाकघरात ठेवतो आणि मरियेचा वाटा पुरुषांनी घेतो.

तेव्हा आमचं मत स्पष्ट आहे. स्लो कुकर घ्याच, असं मुळीच नाही. चुलीच्या वैलावर, निखाऱ्यांच्या उबेत आपल्या आया रात्रभर हंडी ठेवतच होत्या. रविवारी साधं वरण-भात, शनिवारची भाजी आणि शिळी भाकरी चालेल. पाहुण्यालाही चालेल. पण शनिवारी रात्री कांदा पुरुषांनी चिरावा, भांडी मुलांनी घासावीत आणि रविवारी वर्गात बायका पुढच्या रांगेत बसाव्यात.

देवाला आपलं मराठी बायबल 'मंदक्रोध' म्हणतं. मंद म्हणजे थंड नव्हे. मंद आच विझलेली नसते. ती न करपवता आतपर्यंत पोचते. आमच्यासारख्या कडक दाण्यांवर त्याने किती वर्षं अशी आच धरली आहे!

गेले तीन शनिवार आम्ही कांदा चिरतो. डोळ्यांतून पाणी येतं. गेल्या रविवारी सौ. वर्गाला बसल्या आणि असा प्रश्न विचारला की आम्हाला उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी सांगतो म्हणालो.

प्रभू येशू, तू थकलेल्यांना आपल्याकडे बोलावतोस. तुझ्याकडे येणाऱ्या आमच्या आया-बहिणींची वाट आम्ही अडवू नये, एवढी बुद्धी दे. आमेन.