डेंग्यू पॉझिटिव्ह आला म्हणजे झिका नाही, असे समजावे का?

जून २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले आणि हा प्रश्न अनेक गर्भवतींच्या घरी विचारला जाऊ लागला. उत्तर आहे : तपासणी कोणती केली, त्यावर ते अवलंबून आहे.

झिका, डेंग्यू, पीतज्वर आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू ‘फ्लॅव्हिव्हिरिडी’ या एकाच कुटुंबातले. रचनाही सारखीच : आत आरएनएचा एकेरी धागा, त्याभोवती प्रथिनांचे कवच आणि बाहेर मेदाचे आवरण. या आवरणावरच्या ‘ई’ प्रथिनाविरुद्ध आपले शरीर अँटीबॉडी बनवते. हे प्रथिन झिका आणि डेंग्यूमध्ये मिळतेजुळते असल्याने झिकाच्या रुग्णातही डेंग्यूची आयजीएम तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

आरटी-पीसीआर तपासणी थेट विषाणूचा आरएनए शोधते, म्हणून ती जास्त खात्रीची. मात्र रक्तात तो साधारण पहिला आठवडाच सापडतो, लघवीत थोडे जास्त दिवस. उशिरा केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका.

झिका बहुतेकांना सौम्यच होतो; पण गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्यामुळे खुंटू शकते. गर्भवतीला ताप, पुरळ किंवा डोळे लाल होणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झिका शारीरिक संबंधातूनही पसरतो, त्यामुळे पतीला ताप आला असेल तर तेही सांगा.

निदान होईपर्यंत तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉलच घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळा. डेंग्यू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दोन्ही आजार पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा.