सवलत वर्षांची, अडचण तासांची

विज्ञानात एम.एस्सी. झालेली आणि पदरी लहान मूल असलेली स्त्री पीएच.डी.साठी अर्ज करते, तेव्हा नियम तिच्या आड येतात असे म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी.ची कमाल मुदत ६ वर्षे ठरविली. पुनर्नोंदणीने ती २ वर्षे वाढविण्याची मुभा दिली आणि स्त्रियांना त्याउपर आणखी २ वर्षे देऊ केली. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूदही त्यांत आहे. कागदावर हे औदार्य लहान नाही.

परंतु ही सवलत वर्षांच्या हिशेबाने दिलेली आहे. मूल वाढविण्याची अडचण मात्र तासांची असते. प्रयोगशाळेतील काम ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे घरी नेता येत नाही. जीवपेशींचे संवर्धन रविवार पाळत नाही आणि मोठ्या उपकरणावर पाळी मिळते ती कित्येकदा रात्रीची. अशा वेळी त्या मातेला दहाव्या वर्षापर्यंतच्या मुदतीपेक्षा सायंकाळचे दोन तास मूल निर्धास्तपणे ठेवता येईल अशा जागेची निकड अधिक असते.

नोकरदार स्त्रीची ही गरज कायद्याने ओळखली आहे. प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि मातेला दिवसातून ४ वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. संशोधक विद्यार्थिनी मात्र कर्मचारी गणली जात नाही. दिवसभर राबताना ती कर्मचाऱ्यासारखी असते, हक्क मागताना विद्यार्थिनी ठरते.

विद्यापीठ हे ज्ञानाचे क्षेत्र, त्याने मुले का सांभाळावीत, असा आक्षेप घेतला जाईल. याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. शालेय शिक्षणापासून एम.एस्सी.पर्यंत समाजाने केलेला खर्च वेगळाच. एवढी गुंतवणूक करून ती व्यक्ती केवळ पाळण्याअभावी अर्ध्यावर परतली, तर काटकसर कोणती आणि उधळपट्टी कोणती?

दुसरी गोष्ट पैशांची नाही, वृत्तीची आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत ‘मुलाकडे कोण पाहणार?’ हा प्रश्न स्त्रीला विचारला जातो. पित्याला तो क्वचितच विचारला जातो. रजेची तरतूदही केवळ स्त्रीसाठीच असल्याने संगोपन हे तिचेच काम, ही समजूत नियमच दृढ करतात.

म्हणून विद्यापीठांनी तीन गोष्टी कराव्यात: प्रयोगशाळांच्या वेळांशी जुळणारे पाळणाघर काढावे, वसतिगृहांत सकुटुंब राहण्याची सोय करावी आणि मुलाखतीत घरगुती चौकशीस मज्जाव करावा. मुदतवाढ देण्यास खर्च येत नाही, म्हणून ती सहज दिली जाते. खरा कस लागतो तो जेथे खोली, दाई आणि पैसा द्यावा लागतो तेथे.