दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको

महिनाभर बारीक ताप, घटणारे वजन, सांधेदुखी, नाकातून रक्त. कधी सायनसचे, कधी संधिवाताचे औषध सुरू होते. खोकल्यातून रक्त पडले, छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला, की पहिला संशय क्षयाचा येतो. आपल्या देशात तो रास्तच. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी अनेकदा तीच औषधे चालू राहतात आणि या साऱ्या धावपळीत लघवी मात्र कोणीच तपासलेली नसते.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर उलटते, तो आजार म्हणजे ‘अँका व्हॅस्क्युलायटिस’. मूत्रपिंडातील गाळण्या म्हणजे केशवाहिन्यांचे पुंजकेच; त्यामुळे मोठा घाव तिथे बसतो. तो दुखत नाही. लघवीतून रक्त व प्रथिने जातात, पण रक्त बहुधा डोळ्यांना दिसत नाही. काही आठवड्यांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

एकेकाळी उपचारांविना बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. १९७०च्या दशकात स्टिरॉइडला सायक्लोफॉस्फामाइडची जोड मिळाली आणि चित्र पालटले. २०१० मध्ये रिटुक्सिमॅब तितकेच परिणामकारक ठरले. २०२० च्या ‘पेक्सिव्हास’ या मोठ्या चाचणीने दाखवले, की स्टिरॉइडची मात्रा लवकर कमी केली तरी परिणाम तितकाच राहतो आणि गंभीर जंतुसंसर्ग घटतो. ही बाब छोटी नाही, कारण पहिल्या वर्षात या रुग्णांचा जीव आजारापेक्षा संसर्गानेच अधिक जातो.

तरीही मूत्रपिंडाचे भवितव्य सर्वाधिक ठरते ते उपचार सुरू झाले त्या दिवशी ते किती शाबूत होते, यावर. डायलिसिसवर गेलेले काही रुग्ण उपचारांनी त्यातून बाहेर येतात. पण एकदा व्रण पडलेला भाग परत मिळत नाही.

म्हणून आग्रह साधा आहे. कारण न सापडणारा ताप, थुंकीतून रक्त, अंगावर जांभळे पुरळ यांपैकी काही असेल, तर लघवीची साधी तपासणी आणि रक्तातील क्रिएटिनिन पहिल्याच आठवड्यात व्हावे. त्यात दोष आढळला, तर अँका चाचणी आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांना विलंब नको. रुग्णांनीही बरे वाटले म्हणून औषधे परस्पर सोडू नयेत. हा आजार उलटतो. स्वस्तातली तपासणी राहून गेल्याची किंमत आयुष्यभराच्या डायलिसिसने चुकवावी लागणे, हे कोणत्याही आरोग्यव्यवस्थेला शोभणारे नाही.