दंडाधिकाऱ्याची पारख

अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २२ सांगतो. तीस हजारी असो, साकेत असो वा कडकडडूमा, त्या वेळी आसनावर बसलेली व्यक्ती बहुधा न्यायसेवेतील सर्वांत कनिष्ठ असते. पोलिसांनी मागितलेली कोठडी द्यायची की नाही, हे ती काही मिनिटांत ठरवते. सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांवर आपण भरपूर शाई खर्च करतो. या पहिल्या पायरीवरच्या माणसाची पारख कोण करतो, हे क्वचितच विचारतो.

इंग्रजी अमदानीत मानद दंडाधिकारी निवडताना घराणे, जमीनजुमला आणि सरकारनिष्ठा पाहिली जाई. न्यायदान कार्यकारी सत्तेपासून वेगळे करा, ही मागणी काँग्रेसने १८८६ पासून लावून धरली. ती देशभर अमलात यायला १ एप्रिल १९७४ उजाडावा लागला. दरम्यान घराण्याची जागा परीक्षेने घेतली होती, आणि ते योग्यच झाले.

पण या परीक्षांचे हाल पाहावेत ते राजधानी परिसरात. एकाच महानगराचे तीन तुकडे तीन उच्च न्यायालयांच्या अखत्यारीत येतात. दिल्लीच्या २०१४ च्या न्यायसेवा परीक्षेत ८० जागांसाठी मुख्य परीक्षेत केवळ १५ जण उत्तीर्ण झाले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, निवृत्त न्यायमूर्ती पी. व्ही. रेड्डी यांनी उत्तरपत्रिका पुन्हा पाहिल्या आणि आणखी उमेदवार पात्र ठरले. गुरुग्राम-फरिदाबाद ज्या हरियाणात येतात, तेथील २०१७ च्या परीक्षेची प्रश्नपत्रिकाच फुटली. उच्च न्यायालयाचा भरती विभाग सांभाळणारा निबंधक त्यात आरोपी झाला आणि २०२४ मध्ये दोषी ठरला. नोएडा-गाझियाबादसाठी निवड करणाऱ्या उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाने तर ५० उमेदवारांच्या उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाल्याचे न्यायालयात मान्य केले. ज्यांनी न्याय करायचा, त्यांच्या निवडीलाच न्यायालयाची पायरी चढावी लागते.

परीक्षेबाहेरची पारख म्हणजे पोलिसांकडून होणारी चारित्र्य पडताळणी. तिचे स्वरूप महाराष्ट्रातील एका प्रकरणाने उघड केले. २००९ मध्ये दिवाणी न्यायाधीश पदासाठी निवडल्या गेलेल्या एका वकिलाने आपल्यावर पूर्वी खटला झाल्याचे व त्यातून २००४ मध्ये सुटल्याचे अर्जात प्रामाणिकपणे लिहिले. त्याची नेमणूक रद्द झाली. तशीच पार्श्वभूमी असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला मात्र नेमणूक मिळाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेरविचाराचा आदेश दिला, तोवर नऊ वर्षे सरली होती. खरे लिहिणाऱ्यालाच शिक्षा होत असेल, तर पुढचा उमेदवार त्यातून काय शिकेल?

आता तिसरी चाळणी आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अट मला पटते. पुस्तके घोकून पंचविशीत आसनावर बसलेल्याला पोलिस ठाण्यात कागद कसे तयार होतात हे ठाऊक नसते, आणि पक्षकार वकिलासमोर का रडतो हेही. परंतु अनुभवाचा पुरावा कोणता? किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशाचे पृष्ठांकन. ज्याने सरकारी कचेरीत हयात घालवली आहे, त्याला ओळखीवर मिळणाऱ्या दाखल्यांची किंमत सांगायला नको. ज्येष्ठ वकिलाच्या पुतण्याला तो दाखला चहाच्या कपाबरोबर मिळेल. आणि बुलंदशहराहून आलेली, खोलीचे भाडे कसेबसे भागवणारी मुलगी तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर कशी काढणार? कनिष्ठ वकिलांना शहरात महिना २० हजार रुपये द्यावेत, असे भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे.

दाखला हवाच असेल तर तो तपासता येईल असा हवा. आज प्रत्येक खटल्याला संगणकीय क्रमांक असतो. उमेदवाराने आपण उभे राहिलेल्या खटल्यांचे क्रमांक व तारखा द्याव्यात, जिल्हा न्यायाधीशांच्या कार्यालयाने त्यांतील काही काढून पाहाव्यात, आणि खोटा दाखला देणाऱ्या वकिलाची तक्रार राज्य विधिज्ञ परिषदेकडे जावी. पडताळणीत कोणाला नाकारायचे असेल, तर कारण लेखी द्यावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

यात एक व्यावहारिक अडचण आहे, ती वरवर क्षुल्लक वाटेल. ज्येष्ठांच्या वतीने तारखेला उभा राहणारा कनिष्ठ दिल्लीच्या रोजनाम्यात पुष्कळदा नुसता ‘प्रॉक्सी वकील’ म्हणून नोंदला जातो. त्याचे नाव लिहिले जातेच असे नाही. ज्याची तीन वर्षे मोजायची, त्याचीच नोंद नाही. नाव व नोंदणी क्रमांक लिहिण्याचा आदेश उच्च न्यायालये उद्या सकाळी काढू शकतात. त्यासाठी ना कायदा बदलावा लागतो, ना पैसा लागतो.