खेळातले विष



‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे, पात्र होऊन खेळायचे खेळ आजची मुले खेळतात. त्यात शत्रूच्या पेल्यात विषही कालवता येते. ख्रिस्ती मुलाने हे करावे का? वडीलधारे म्हणतात, खेळच बंद करा. मुले म्हणतात, विष खोटे, राक्षस खोटा, मग पाप कुठले? मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

खोट्या विषाने कोणी मरत नाही, हे खरे. मग तलवार चालते आणि विषच का खटकते? दावीद समोरून येताना गल्याथाला दिसत होता. विष मात्र विश्वासाच्या वाटेने आत शिरते. यवाबाने चुंबन घेण्याच्या निमित्ताने अमासाची दाढी धरली आणि पोटात तलवार खुपसली (2 शमुवेल 20). हत्यार तलवारीचे, काम विषाचे. यहूदाही प्रभूबरोबर एकाच ताटात जेवणारा होता. प्रभुभोजनात एका प्याल्याचे भागीदार होणाऱ्यांना पेल्यात विष कालवणे ही नुसती गंमत वाटू नये. त्याच खेळाच्या 2000 सालच्या नियमांत पॅलाडिन नावाच्या धर्मवीराला खोटे बोलणे, फसवणे आणि विष वापरणे वर्ज्य होते.

म्हणून बंदी नको, विचारपूस करा. “बाळा, तुझ्या पात्राने विष दिले, तेव्हा समोरच्याचा तुझ्यावर विश्वास होता का?” कपाशी-संत्र्याच्या आपल्या मुलखात फवारणीच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. नाव सौम्य झाले की धाकही जातो. मुलांच्या मनात तो धाक राहू द्या.

पण मोठ्यांनो, आपले काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगावचे लोक एकमेकांवर दगड मारतात. प्रशासनाने गोफणीवर बंदी घातली, रबरी चेंडू देऊन पाहिले. तरी शेकडो लोक जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. गोटमारीत लपवाछपवी नाही, सगळे उघड असते. म्हणजे उघडपणा एवढाच पुरेसा नाही. शेजाऱ्याचे रक्त खरे असते. मुलाच्या खोट्या विषावर रागवायचे आणि गच्चीवरून गोटमार पाहायची, हे प्रभूला कसे आवडेल?

आणि याकोब आपल्या पत्रात सांगतो, प्राणघातक विष जिभेत असते. पांढुर्णा असो की सौंसर, आपल्या मंडळ्यांत ते रोज वापरले जाते. उपासनेनंतर दाराशी, हसतमुखाने, तिथे नसलेल्या भावाबद्दल आपण काय बोलतो? मुलांना विचारण्याआधी स्वतःला एवढे विचारू या.

प्रभू आपले ओठ शुद्ध करो. आमेन.