शेजाऱ्याची ढाल

जॉर्ज ग्रँट यांचे 'लॅमेंट फॉर अ नेशन' हे छोटेखानी पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले. राजकीय चिंतनाच्या पुस्तकाला 'विलाप' असे नाव द्यावे, हे साहित्याच्या अभ्यासकाला थबकवणारे आहे. कारण विलाप हा प्रकार मृत्यू गृहीत धरतो. ग्रँट यांच्या मते मृत्यू झाला होता तो कॅनडाच्या स्वतंत्र अस्तित्वाचा, आणि निमित्त होते शेजाऱ्याच्या अण्वस्त्रांचे.

प्रसंग थोडक्यात असा. १९५८ च्या नोरॅड कराराने उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचे काम कॅनडा व अमेरिका यांच्या संयुक्त यंत्रणेकडे आले. पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्या सरकारने अमेरिकेची बोमार्क क्षेपणास्त्रे स्वीकारली. पण त्यांवर बसवायची अण्वस्त्रे घ्यायची की नाहीत, हा निर्णय ते लांबवत राहिले. ३० जानेवारी १९६३ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने निवेदन काढून त्यांचे म्हणणे जाहीरपणे खोडून काढले. पुरता आठवडाही लोटला नाही तोच, ५ फेब्रुवारीला, त्यांचे सरकार संसदेत कोसळले. एप्रिलमधल्या निवडणुकीनंतर सत्तेवर आले ते लेस्टर पिअर्सन, शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. आणि अण्वस्त्रे देशात आली ती त्यांच्या कारकिर्दीत. (एखाद्या कादंबरीकाराने हा विरोधाभास रचला असता, तर आपण त्याला ढोबळ म्हटले असते.)

ग्रँट हे परंपरावादी. आधुनिक तंत्रज्ञान आणि उदारमतवाद यांच्या रेट्यापुढे कॅनडासारख्या देशाचे वेगळेपण टिकणे अशक्यच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. पुस्तकाचे बळ त्याच्या शोकात आहे, यात शंका नाही. पण माझा आक्षेप आहे तो त्यातल्या काळाबद्दल, म्हणजे व्याकरणातल्या काळाबद्दल. विलाप करणारा सांगतो, 'संपले'. दबाव आणणाराही तेच सांगत असतो. बलाढ्य शेजारी क्वचितच उघड धमकी देतो. तो एवढेच म्हणतो की तुम्ही आमच्यात आहातच, आता सही तेवढी बाकी आहे. प्रश्न विचारण्याआधीच उत्तर भूतकाळात ढकलून द्यायचे, ही दबावाची खरी भाषा.

चाळीस वर्षांनी ही भाषा पुन्हा ऐकू आली. जॉर्ज बुश यांनी डिसेंबर २००४ मध्ये हॅलिफॅक्स येथील भाषणात क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या अमेरिकी योजनेचा विषय उघडपणे काढला. पंतप्रधान पॉल मार्टिन पूर्वी सहभागाला अनुकूल होते. आता त्यांचे सरकार अल्पमतात होते आणि क्वेबेकमध्ये योजनेला तीव्र विरोध होता. २२ फेब्रुवारी २००५ रोजी वॉशिंग्टनला राजदूत म्हणून निघालेले फ्रँक मॅकेना यांनी सांगून टाकले की, कॅनडा योजनेत सामील झालेलाच आहे. दोनच दिवसांनी मार्टिन यांनी जाहीर केले : आम्ही सामील होणार नाही.

मॅकेना खोटे बोलत नव्हते, ही यातली अवघड गोष्ट. ऑगस्ट २००४ मध्येच नोरॅडच्या करारात दुरुस्ती होऊन, येणाऱ्या क्षेपणास्त्रांची जी माहिती नोरॅडकडे जमा होते ती अमेरिकेच्या ह्या नव्या योजनेला पुरवण्याची सोय झाली होती. म्हणजे डोळे दिलेले होते. नकार होता तो हाताला. मग हा नकार नुसता दिखाऊ ठरतो काय? तसे म्हणणारे बरेच होते, आणि त्यांच्या बाजूला पुढे पुरावाही मिळाला. सप्टेंबर २०१७ मध्ये नोरॅडचे उपप्रमुख, कॅनडाचेच लेफ्टनंट जनरल पिएर सेंट-अमाँ यांनी संसदीय समितीला सांगितले की, क्षेपणास्त्र आले तर कॅनडाचे रक्षण करणे हे अमेरिकेचे धोरण नाही. शत्रूचे अस्त्र ओळखायला कॅनडाचा अधिकारी हजर, पण ते पाडायचे की नाही हे ठरवताना त्याला मत नाही. अमेरिकेचे राजदूत पॉल सेलुची यांनी २००५ सालीच टोमणा मारला होता की, सार्वभौमत्व जपण्याच्या नावाखाली कॅनडाने तेच सोडून दिले. हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही.

तरीही तो नकार मला मोलाचा वाटतो. मार्गारेट अॅटवुड यांनी 'सर्व्हायव्हल' (१९७२) ह्या कॅनेडियन साहित्यावरील पुस्तकात बळी पडलेल्याच्या चार भूमिका सांगितल्या आहेत. आपण बळी आहोत हे नाकारणे ही पहिली. ते मान्य करून दैवावर किंवा इतिहासावर ढकलणे ही दुसरी. मान्य करूनही ते अटळ नाही असे म्हणणे ही तिसरी. ग्रँट यांचा विलाप दुसऱ्या भूमिकेचा उत्तम नमुना आहे. मार्टिन यांचा नकार, त्यामागे मतांचे गणित असले तरी, तिसऱ्या भूमिकेत मोडतो. त्यातून संरक्षण वाढले नाही. 'आहातच' ह्या शब्दाला मात्र देशाच्या संसदेसमोर उत्तर मिळाले. आणि ग्रँट यांच्या बाबतीत गंमत अशी की, त्यांचे पुस्तक वाचून त्या काळची तरुण पिढी, त्यातही डावी, राष्ट्रवादी झाली. मृत्युलेख वाचून वारस जागे झाले.

मे २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी 'गोल्डन डोम' ही १७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, आणि त्याच महिन्यात कॅनडाला भावही सांगितला : वेगळा देश म्हणून राहिलात तर ६१ अब्ज डॉलर, ५१ वे राज्य झालात तर काही नाही. मराठी वाचकाला इथे तैनाती फौज आठवल्यावाचून राहणार नाही. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजी पलटणींच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. ही तुलना फार ताणू नये. बाजीराव पळून आलेला आश्रित होता, त्याच्यामागे ना संसद होती ना मतदार. पण रक्षणाचा खर्च रक्षिताकडून घ्यायचा आणि तो भागेना तर राज्यच घ्यायचे, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे.

ह्या खेपेची भाषा मात्र १९६३ किंवा २००५ सारखी नाही. ज्याला भाव सांगावा लागतो, तो अजून आपला झालेला नाही, अशी त्यात नकळत कबुली आहे. पंतप्रधान मार्क कार्नी २१ मे २०२५ रोजी म्हणाले की, उच्च पातळीवर बोलणी झाली आहेत आणि कॅनडाने तसे ठरवले तर तो सहभागी होऊ शकेल. त्या वाक्यात भूतकाळ बोलण्यांना आहे, सहभागाला नाही.